चिमटा कुठं लावायचा

वर्गाच्या दारामागे मी पुठ्ठ्याचा एक तक्ता टांगला आहे. त्यावर तीन तोंडं काढली आहेत: हसरं, मधलं आणि रडकं. खाली सुतळी, आणि सुतळीला आठवडी बाजारातून डझनावारी आणलेले कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे. प्रत्येक चिमट्यावर स्केचपेनने एका मुलाचं नाव. सकाळी वर्गात आलं की आज कसं वाटतंय ते बघून आपला चिमटा त्या तोंडाखाली लावायचा. एका प्रशिक्षणात कुणीतरी मोबाइलवर दाखवलेला हा उपक्रम. मी तो हौसेने केला आणि सुरुवातीला मुलंही त्यावर तुटून पडली. चौथीतली एक मुलगी मात्र सोमवारी आली ती डोळे सुजवून. वेणी शनिवारचीच, रिबीन एकाच बाजूला. चिमटा हसऱ्या तोंडाखाली, अगदी मधोमध. दुपारी खिचडी झाल्यावर पोरं नळावर ताटं धुवायला गेली, तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि सहज म्हणावं तसं म्हटलं, "आज काय मजेत दिसतेस गं? हसऱ्याखाली चिमटा तुझा." तिने ताटावरून बोट फिरवत, मान वर न करता सांगितलं, "दुसरीकडं लावलं की तुम्ही इचारता, मॅडम." आणि ताट निथळून चालती झाली.

माझ्या हातात माझं ताट तसंच.

तिचं म्हणणं बिनचूक होतं, म्हणून ते टोचत राहिलं. तक्ता लावला होता तो विचारता यावं म्हणूनच. तिने दोन-तीन दिवसांत त्याची सगळी यंत्रणा ओळखली होती: रडक्याखाली चिमटा गेला की बाई जवळ बोलावतात, बाईंनी बोलावलं की शेजारची दोघी-तिघी कान टवकारतात, आणि संध्याकाळपर्यंत वस्तीवर आजीच्या कानावर जातं की पोरगी शाळेत रडली. त्यापेक्षा हसरं तोंड बरं. तिथं कुणी थांबत नाही. मोठी माणसं "कसं चाललंय"ला "बरं चाललंय" म्हणून पुढे सरकतात, त्यात आणि यात काय फरक? फक्त आपल्याला ते शिकायला तीस-चाळीस वर्षं लागली, तिला नववं लागलं.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पट पन्नासच्या आत. इथं मुलांचं बरं-वाईट टिपून ठेवायची साधनं कमी नाहीत, उलट कपाटात मावत नाहीत. २०१० च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून आम्ही मुलांविषयी वाक्यं लिहितो. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना चांगलीच होती: मूल म्हणजे नुसते गुण नव्हेत, शिक्षकाने ते वर्षभर बघावं आणि जे दिसलं ते लिहावं. झालं असं की पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली, पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. 'इतरांशी मिळून मिसळून वागते.' 'आपल्या भावना योग्य शब्दांत मांडते.' 'सोपवलेले काम जबाबदारीने पूर्ण करते.' परीक्षेनंतरच्या आठवड्यात कोणत्याही शाळेत जा, एक जण वाचतोय आणि बाकीचे उतरवून घेताहेत असं दृश्य दिसेल. मला त्यांचा राग येत नाही, मीही त्याच ओळीत बसलेली असते. दोन शिक्षक, सात वर्ग, आणि प्रत्येक मुलासाठी प्रत्येक विषयाला वेगळं वाक्य. माणूस करणार काय? पण त्या चौथीतल्या मुलीच्या पुस्तकात मागच्या सत्राची नोंद मी नंतर काढून बघितली. 'सोपवलेले काम जबाबदारीने पूर्ण करते.' आई-बाप ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला गेलेले असताना ती पहाटे उठून धाकट्या भावाला न्हाऊ घालते, आजीला चुलीवर भाकरी थापायला हात देते, मग शाळेत येते. वाक्यात चूक काढायला जागाच नाही.

आता समग्र प्रगतिपत्रक आलं आहे. त्यात मुलानं स्वतःविषयी सांगायचं, सोबत्यानं त्याच्याविषयी सांगायचं, पालकांनीही भरायचं, आणि लहान वर्गांना तिथंही हसरी-रडकी तोंडं आहेत. २०२४ पासून शनिवार आनंददायी झाला. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा शासन निर्णय २०२२ चा, पण बदलापूरच्या घटनेनंतर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ती समिती सगळ्यांना एकदम आठवली. दोन दिवसांत स्थापन करा, फलक लावा, फोटो पाठवा. तक्रारपेटी होतीच, तिला नवं कुलूप आणलं. भिंतीवर मुलांच्या मदतीचा १०९८ रंगवलेला आहे, त्याखाली आम्ही १४४१६ ही लिहून घेतला, तो टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा. यातल्या एकाही गोष्टीला मी निरर्थक म्हणणार नाही. एखाद्या पोरीला कधी तरी तो नंबर वाचता यावा यासाठी भिंत रंगवणं मला मान्य आहे. फक्त तक्रारपेटी उघडली की आत काय निघतं ते सांगते: चॉकलेटचे कागद, आणि एकदा 'सरांनी आम्हाला क्रिकेट खेळू द्यावे ही नम्र विनंती', खाली सातवीतल्या सगळ्यांच्या सह्या. पेटी ऑफिसच्या दाराशी आहे. तिच्यात चिठ्ठी टाकताना सगळ्या शाळेला दिसतं.

जे मोजता येतं ते मात्र आम्ही नीट मोजतो, आणि त्याचा उपयोग होतो हेही कबूल केलं पाहिजे. वजन-उंचीचं रजिस्टर हे माझं सर्वांत आवडतं रजिस्टर आहे, कारण त्यात वाक्यं नाहीत. दिवाळीच्या आधीचं वजन आणि संक्रांतीनंतरचं वजन शेजारी-शेजारी ठेवलं की कोणाच्या घरी चूल नीट पेटत नाही ते कळतं. वाढत्या वयातलं पोर तीन महिन्यांत अर्धा किलो उतरतं, तेव्हा त्याला कुठल्या तोंडाखाली चिमटा लावायचा हे विचारायची गरज नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा येते. पालघरला २०१३ मध्ये या योजनेची सुरुवात झाली होती, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये 'आणखी एक योजना' म्हणून हसलेले लोक मला आठवतात. त्याच गाडीतल्या डॉक्टर बाईंना एका पोराच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, पुढे मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, घरच्यांचा पैसा लागला नाही. तो पोरगा आज बैलामागे पळतो. त्यांच्या यादीत तीसेक आजार आणि व्यंगं आहेत: हृदयाचे दोष, दात, कान, कुपोषण, शिवाय अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता. स्टेथोस्कोप लावला की ऐकू येतं, टॉर्च मारला की दिसतं. पण रात्री झोप लागत नाही, आई फोन उचलत नाही, चुलता घरी आला की अंगणातून आत जावंसं वाटत नाही, हे कोणत्या रकान्यात? त्या डॉक्टर बाईही घाईत असतात. दुपारच्या आत पुढची शाळा गाठायची असते त्यांना.

आणि तरी शाळेत एक माणूस असं आहे की ज्याला हे सगळं कळतं. खिचडी करणाऱ्या ताई.

पोषण आहाराचा हिशेब मी रोज मोबाइलवर भरते: पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावीपासून दीडशे, इतक्या उष्मांकाचं जेवण, इतकी प्रथिनं, आज जेवले किती. जेवले किती एवढंच. कोण कसं जेवलं याला तिथं जागा नाही, ते ताईंच्या डोक्यात असतं. सोमवारी कोण तीन वेळा ताट पुढे करतं, म्हणजे रविवारी घरी काय झालं असेल. कोण आपल्यातलं अर्धं झाकून ठेवतं आणि सुट्टी झाल्यावर बालवाडीतल्या भावाला नेतं. कोण अचानक जेवेनासं झालं. "आवं मॅडम, ती पोरगी चार रोज झालं नुसती बोटं फिरवती ताटात," हे त्या मला पातेलं घासता घासता सांगतात. त्या पातेल्याला खालून करपलेल्या मुगडाळीचा वास असतो आणि ताईंच्या हाताला हळदीचा कायमचा पिवळेपणा. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी तापातली पोरंसुद्धा शाळेत यायची. २०२५ च्या सुरुवातीला राज्याने त्याचा निधी थांबवला, लोकवर्गणीतून करा म्हणाले. अंडी बंद झाली त्या आठवड्यात कोणाचे चेहरे कसे झाले हे ताईंनी मला नावानिशी सांगितलं होतं. त्यांचं मानधन महिन्याला अडीच हजार. मुलांच्या सर्वांगीण विकासाच्या कोणत्याही अर्जावर त्यांची सही लागत नाही, कोणत्याही प्रशिक्षणाला त्यांना बोलावत नाहीत. मी एकदा एका बैठकीत हे बोलले, तर एक साहेब हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

आमच्याकडे हे सगळं ऋतूवर चालतं, शैक्षणिक वर्षावर नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सांगली-कोल्हापूर नाही तर कर्नाटक. जी पोरं सोबत जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. जी राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह, म्हणजे खरं तर आजी-आजोबांकडे राहणं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेकडून. कागदावर हे मूल 'स्थलांतर रोखलेले' म्हणून मोजलं जातं आणि ते मोजावंच, त्यासाठी बालरक्षक म्हणून आमच्यातलेच शिक्षक दारोदार फिरलेले आहेत. पण जे मूल राहिलं त्याच्या बाजूने बघा. गाडी सुटते तेव्हा पहाट असते. आईने लुगड्यात भांडी बांधलेली, वर कोंबडी. पोराला उठवत नाहीत, उगाच रडेल म्हणून. ते उठतं तेव्हा अंगण झाडलेलं असतं आणि घर रिकामं. त्या दिवशी अशी पोरं शाळेत वेळेच्या आधी येतात, हा माझा अनुभव. हजेरीपत्रकाला हे चांगलं दिसतं. वर्गातलं सर्वांत नियमित मूल, शाळा उघडायच्या आधी पायरीवर बसलेलं आणि सुटल्यावरही दप्तर भरायला वेळ लावणारं, त्याच्याकडे मी जरा जास्त बघते. नियमितपणाला बक्षीस देताना माझा हात अडखळतो.

मोठ्या मुलींचं निराळंच. सहावी-सातवीत एखादी एकाएकी गप्प होते, वहीच्या शेवटच्या पानावर सही करायचा सराव करते, त्यात आडनाव वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्याचा आकडा होता ४३.७ टक्के, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी एवढ्यांची लग्नं अठराच्या आत झालेली. हा आकडा बैठकीत पडद्यावर येतो तेव्हा सगळे खाली बघतात. वहीचं शेवटचं पान कोणी तपासत नाही, तिथं गृहपाठ नसतो.

पूर्वी असं नव्हतं, पूर्वीचे गुरुजी एकेका पोराला ओळखायचे, असं आमच्या पिढीचे लोक फार बोलतात. ओळखायचे, हे खरं. कोणाचा बाप पितो हेही त्यांना माहीत असायचं आणि ते भर वर्गात बोलूनही दाखवायचे. मी शिकत होते तेव्हा माझ्या वर्गात एक मुलगी होती, पाढा अडला की तिला चक्कर यायची. तिला ढोंगी ठरवून उन्हात उभं केलेलं मी बघितलंय. निंबाच्या फोकाचा आवाज अजून कानात आहे. शिक्षण हक्क कायद्यात २००९ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आली, तेव्हा मी नोकरीत होते, आणि स्टाफरूममधली कुरकुर ऐकत मनातून फार हलकी झाले होते. म्हणजे रकाने नकोत, जुनं ते सोनं, असं मला म्हणायचं नाही. ओळख असून भागत नाही. ओळखलेलं जपून ठेवावं लागतं, आणि तेच आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक मुलांना त्यांच्या मनाविषयी विचारलं होतं. ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा, निकाल यांची चिंता सांगितली, तोच आकडा सगळीकडे छापून आला. माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्या प्रश्नावलीत नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलं होतं. पोरं मोकळेपणाने सांगतील म्हणून. दिल्लीतल्या लोकांना हे उमगलं, आणि आम्ही इकडे चिमट्यावर स्केचपेनने नावं घालून तो दारामागे टांगतो, वर त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. मग मी नावं पुसायची ठरवली. स्पिरिटने सहज पुसली गेली. बिननावाचे चिमटे दोन दिवस बऱ्यापैकी खरं बोलले, रडक्याखाली एकदम पाच लागले. मी कोणालाच काही विचारलं नाही, त्या दिवशी गणित बाजूला ठेवून सगळ्यांना ओढ्यापर्यंत नेऊन आणलं. तिसऱ्या दिवशी मुलांनी चिमटे एकमेकांच्या कानाला लावले, चौथ्या दिवशी निम्मे गायब झाले, आणि आता ताईंची पुसायची फडकी त्यातल्याच काहींवर वाळतात. शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढण्यासारखं त्यात काही नाही.

ती चौथीतली मुलगी बोलली. माझ्याशी नाही, ताईंशी, लसूण सोलताना. ताईंनी मला सांगितलं, आणि पुढं काय करायचं ते आम्ही दोघींनी मिळून, तिच्या आजीला हाताशी धरून केलं. ती काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही, कुठल्या नोंदवहीतही लिहिलेलं नाही. नोंद केली असती तर पुढच्या वर्गाच्या शिक्षकांनी वाचली असती, तपासणीला आलेल्यांनी वाचली असती, आणि गावातल्या शाळेचं कपाट किती पक्कं असतं हे गावाला माहीत असतं. पण न लिहिण्यात दुसरा धोका आहे. माझी बदली झाली तर ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल, आणि नव्या माणसासमोर ती पुन्हा फक्त जबाबदारीने काम पूर्ण करणारी मुलगी असेल. दोन्ही बाजूंनी विचार करून मी थकले आहे. शिवाय खरंच मोठं काही निघालं, तर लसूण सोलता सोलता ते निस्तरता येत नाही, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात पंधरा सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आम्ही शंभरच्या आतले, आणि आमच्यासारख्या शाळा या राज्यात हजारोंनी आहेत. जोडून घ्यायचं म्हणजे इथं काय, ते सांगते. मानसोपचाराचा डॉक्टर जिल्ह्याच्या दवाखान्यात. जायला एसटी सकाळची एक, यायला दुपारची एक. आजीच्या गुडघ्यांना ती पायरी चढवत नाही. बाप फडात, त्याचा फोन रात्री नऊनंतर लागतो, तोही तो टेकाडावर आला तर. आणि पोरीला "वेड्याच्या डॉक्टरकडं" नेलं हे गावात एकदा झालं की तिची शाळाच सुटायची.

म्हणून मागच्या शिक्षण परिषदेत मी अर्ज दिला. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून एक शिकलेली बाई द्या, ठरल्या वारी प्रत्येक शाळेत येणारी. तिने येऊन पहिल्यांदा ताईंशी बोलावं, मग पोरांबरोबर बसावं, चित्रं काढावीत, उवा बघाव्यात, काही करावं. तिच्या वहीला आमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही, मुख्याध्यापकांनीसुद्धा नाही. केंद्रप्रमुख भला माणूस आहे. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मॅडम, मागणी बरोबर आहे हो. पण याला लेखाशीर्ष कोणतं दाखवायचं?" खर्च सरकारच्या कोणत्या खात्यावर टाकायचा ते मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. अर्ज त्यांनी पुढे पाठवला आहे, आवक क्रमांक माझ्याकडे आहे. खोलीचं मी बघते म्हणाले. ऑफिसच्या मागे मोडके बाक रचलेली एक खोली आहे, तिला खिडकी आहे आणि दाराला आतून कडी. शाळा व्यवस्थापन समितीतले दोघं अमावस्येला, औत सुटलेलं असतं त्या दिवशी, बाक हलवायला येतो म्हणालेत. चुना ताई आणणार आहेत.